"मॅडम, काहीच येत नाही": रिसर्च डेटाबेसवर शून्य रिझल्ट का येतात आणि मग काय करायचं

दिवाळीची सुट्टी संपली रे संपली की आमच्या लायब्ररीत हे सुरू होतं. एम.ए., एम.एस्सी.च्या पोरांचे प्रोजेक्टचे विषय ठरलेले असतात, गाईडने "जा, शोधगंगा बघ, मागचं काम वाच" एवढं सांगून मोकळं केलेलं असतं (शोधगंगा म्हणजे पीएच.डी. प्रबंधांची वेबसाइट), आणि मग एकेक जण काउंटरवर येऊन मोबाईल माझ्या तोंडासमोर धरतो, "मॅडम, काहीच येत नाही." आधी मला वाटायचं नेट गेलं असेल, लाईट गेली असेल. आता विचारतच नाही, फोन हातात घेते आणि सर्चच्या डब्यात काय टाइप केलंय तेवढं बघते, दहातल्या आठ वेळा घोळ तिथेच असतो.

मी चोपडा तालुक्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मागच्या वर्षीची एक पोरगी आठवते, मराठीची, विषय अहिराणी लग्नगाण्यांचा. तिने डब्यात टाकलं होतं "अहिराणी लग्नगीतांमधून व्यक्त होणाऱ्या स्त्रीजीवनाचा चिकित्सक अभ्यास". अख्खं, म्हणजे मंजुरीच्या फॉर्मवर होतं तसंच्या तसं. शून्य रिझल्ट. तिला वाटलं आपल्या विषयावर कुणी कामच केलेलं नाही, आणि खरं सांगू का, चेहऱ्यावर जरा आनंदच होता की विषय एकदम कोरा मिळाला. मी सगळं पुसलं आणि "अहिराणी" एवढाच शब्द ठेवला, मग तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला, मग "लोकगीत", मग "लोकसाहित्य आणि खानदेश". पानंच्या पानं आली. आनंद गेला तिचा, पण काम सुरू झालं.

गुगलने आपल्याला लाडावून ठेवलंय, काय होतं की तिथे अर्धवट लिहा, चुकीचं लिहा, तो आपल्या मनातलं ओळखतो. डेटाबेस तसा नसतो. तो जुन्या तलाठ्यासारखा असतो. गट नंबर बरोबर सांगितला तर उतारा लगेच हातात, पण "आप्पा, ते नदीकडचं आमचं वावर, आंब्याच्या झाडाजवळचं" असं म्हणालात तर तो चष्म्यावरून नुसता बघत बसणार. तुम्ही टाकलेली अक्षरं त्याच्या नोंदीतल्या अक्षरांशी जुळली तर जुळली, नाहीतर शून्य. म्हणून पहिलं काम म्हणजे विषयाचं लांबलचक नाव बाजूला ठेवायचं आणि त्यातले दोन-तीन जड शब्द उचलायचे. "चिकित्सक अभ्यास", "एक दृष्टिक्षेप", "विशेष संदर्भ" हे सगळं फेकून द्या, ते प्रत्येक प्रबंधात असतं, त्याने काही सापडत नाही.

आता खरी गंमत, आपल्या भागाची नावं

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण खानदेशावर काम करणाऱ्या पोरांचं इथेच सगळ्यात जास्त डोकं दुखतं आणि पुण्या-मुंबईच्या गाईडला हे सहसा सुचत नाही.

पहिलं म्हणजे आपलं नावच. कुणी खानदेश लिहितं, कुणी खान्देश, कुणी खांदेश. आपल्याला तिन्ही एकच, कॉम्प्युटरला तीन वेगळे मुलूख. तिन्ही टाकून बघायचे. इंग्रजीतही तेच, जुन्या कागदांत डी नंतर ई आय लावलेलं "खानदेईश" सारखं स्पेलिंगही भेटतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, खंड १२, जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेला, १८८० चा, त्यात तर खानदेशच्या ए वर तिरपी रेघ दिलेली आहे. त्याची स्कॅन केलेली प्रत मशीनने वाचून मजकूर तयार केला की त्या रेघेच्या ए चं काहीही होतं, कधी पाउंडाचं चिन्ह, कधी एफ. म्हणून गावाचं नाव त्या पुस्तकात सर्च करून नाही मिळालं तर गाव नाही असं समजू नका. शेवटची सूची उघडा, नाहीतर गावांच्या माहितीचं प्रकरण उघडा आणि डोळ्याने बघा. एका आजोबांना पारोळ्याची माहिती पाहिजे होती, नातू दोन दिवस सर्च करत बसला आणि आजोबांनी पानं सरकवत दहा मिनिटांत काढली.

मग जिल्हे. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे आजचं धुळे आणि नंदुरबार मिळून. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे कुणाला शहाद्याची किंवा तळोद्याची १९५१ च्या जनगणनेची आकडेवारी पाहिजे आणि तो "नंदुरबार" टाकत बसला तर जन्मात मिळणार नाही, ती "वेस्ट खानदेश" मध्ये आहे. १९६१ ची "धुलिया" नावाखाली. हो, धुलिया, इंग्रजी कागदांत धुळे कित्येक वर्षं धुलियाच होतं. सातपुड्याचंही तसंच, इंग्रजीत कुणी "ड" साठी डी लिहितं, पण बहुतेक सगळे आर लिहून "सातपुरा" करतात. पावरा समाजावर शोधत असाल तर व्ही लावून एकदा, डब्ल्यू लावून एकदा, मधला ए गाळून एकदा. भिल्ल शब्दाचंही एक एल, दोन एल, डबल ई असं सगळं करून बघा. कंटाळा येतो, माहितीये.

विद्यापीठाचं नावही लक्षात ठेवा. जळगावचं आपलं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं, तेव्हा नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यामुळे प्रबंध जुन्या नावाखालीही असू शकतो, नव्याही. आणि १९९० च्या आधीचं काम हवं असेल तर पुणे विद्यापीठात बघायचं, कारण तोपर्यंत इकडची कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती. धुळ्याच्या, अमळनेरच्या प्राध्यापकांनी तेव्हा केलेल्या पीएच.डी. पुण्याच्या नावावर आहेत. हे सांगितलं की पोरं एकदम "अय्यो" करतात.

यावरून एक भारी घोळ. बहिणाबाईंच्या कवितेवर काम करणारा एक पोरगा आला, म्हणे मॅडम, मला शून्य नाही येत, मला हजारोंनी येतंय. बघितलं तर रसायनशास्त्र, कॉमर्स, बॉटनी, सगळं. का? तर विद्यापीठाच्याच नावात बहिणाबाई चौधरी आहे, त्यामुळे तिथला प्रत्येक प्रबंध त्याच्या सर्चमध्ये येत होता. दुसऱ्या बाजूने नुसतं "बहिणाबाई" इंग्रजीत टाकलं तर तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई येतात, सतराव्या शतकातल्या. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई १८८० ते १९५१ मधल्या. उपाय सोपा आहे, सर्च सगळीकडे न लावता फक्त शीर्षकात लावायचा, बहुतेक डेटाबेसमध्ये डब्याच्या बाजूला "टायटल" निवडायची सोय असते, आणि जोडीला "लेवा" किंवा "गणबोली" शब्द द्यायचा, त्यांच्या कवितेची बोली ती. चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग कसं कसं होतं ते मी नाही सांगत, प्रत्येक घरात दोन आधार कार्डांवर दोन असतात.

आणि अहिराणीवाल्यांनो, भाषेच्या सरकारी आकड्यांत अहिराणी शोधू नका, जनगणनेच्या तक्त्यात वरचं नाव "खानदेशी" आहे आणि अहिराणी त्याच्या पोटात. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, १९०७ चा, भिल्ल भाषांच्या सोबत, आणि तिथे खानदेशीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा एच नाही. एका एचसाठी एक पोरगी आठवडाभर अडली होती.

दिसतं सारखंच, असतं वेगळं

हे जरा टेक्निकल आहे पण मराठीत शोधणाऱ्यांनी वाचाच. "शेतकऱ्यांच्या" हा शब्द घ्या, आपल्या भागातल्या निम्म्या अर्थशास्त्राच्या प्रबंधांच्या नावात तो असतो असं मला तरी वाटतं. त्यातला अर्धा र, तो जो आडव्या रेघेसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो कोड देतो त्यात, दोन पद्धतीने टाइप होतो, एका कीबोर्डने वेगळा, दुसऱ्याने वेगळा. डोळ्याला अगदी सारखा, आतून कोड वेगळा. तुमच्या मोबाईलच्या कीबोर्डने एक प्रकारचा टाकला आणि नोंद करणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचा टाकलेला असला तर जुळणार कसं? "ॲ" चंही हेच, अ वर चंद्र जोडून केलेला आणि एकाच अक्षराचा असलेला, दोन्ही वेगळे. म्हणून मराठीत शोधताना अशी अक्षरं असलेला शब्दच टाळायचा. "शेतकऱ्यांच्या" ऐवजी "शेती" किंवा "कृषी" टाका, "ॲनिमिया" ऐवजी "रक्तक्षय" टाका.

दुसरी गोष्ट, जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप झालेत. पीडीएफ उघडली तर सुंदर मराठी दिसते, पण एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की काहीतरी भलतीच इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह. अशा फाईलच्या आत सर्च लागतच नाही. बरेच तर नुसते पानांचे फोटो आहेत. इथे सर्चवर वेळ घालवू नका. विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा, म्हणजे मराठी विभाग, इतिहास विभाग असं, आणि यादी वरून खाली वाचत जा. दुकानात मांडलेल्या साड्या बघतो तसं. एखादा चांगला प्रबंध सापडला की त्याच्या गाईडच्या नावावर क्लिक करा, त्याच माणसाकडे त्याच विषयावर आणखी दोघा-तिघांनी काम केलेलं असण्याची दाट शक्यता.

शोधगंगा ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची आहे, भारतातल्या पीएच.डी. तिथे असतात, फुकट, लॉगिन लागत नाही. प्रबंध एका फाईलमध्ये नसतो, तुकड्यांत असतो, ०१ शीर्षक, ०२ प्रमाणपत्र, असं करत प्रकरणं. पोरं पहिली फाईल उघडतात, त्यात एकच पान असतं, आणि म्हणतात उघडतच नाही. खाली सरका. आणि माझं ऐका, सगळ्यात आधी ८० नंबरची रेकमेंडेशन नावाची फाईल उघडा, तिच्यात बहुतेक वेळा निष्कर्ष असतात, ते पाच-दहा पानं वाचून हा प्रबंध आपल्या कामाचा आहे का ते कळतं. मग संदर्भसूचीची फाईल. एका चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे फुकटात मिळालेली आठवड्याची मेहनत आहे. डाउनलोड झाल्या झाल्या फाईलचं नाव बदला, नाहीतर मोबाईलमध्ये "चॅप्टर १" नावाच्या चौदा फाईली होतात आणि कुठली कुणाची ते देवालाच ठाऊक.

कॉलेजात उघडतं, घरी उघडत नाही

हा दुसरा नेहमीचा. एकदा तर लायब्ररीतच एका बाकावर दोन मित्र बसलेले, एकाला पेपर उघडतोय, शेजारच्याला पैसे मागतोय. दुसरा मला म्हणाला, मॅडम, मना फोन खराब शे का? फोन चांगला होता. पहिला कॉलेजच्या वायफायवर होता, हा स्वतःच्या मोबाईल डेटावर. विकतची जर्नल्स कॉलेज किंवा विद्यापीठ जेव्हा घेतं तेव्हा प्रकाशक त्या संस्थेच्या नेटचा पत्ता नोंदवून ठेवतो. त्या पत्त्यावरून आलात तर गेट उघडं, बाहेरून आलात तर तिकीट काढा. तुम्ही कुठे बसलात याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, नेट कुणाचं आहे ते तो बघतो.

घरून पाहिजे असेल तर युजरनेम-पासवर्ड लागतो. अनुदानित कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट आहे, त्यात ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं मिळतात, पण कॉलेज सभासद असलं पाहिजे आणि तुमचं नाव कॉलेजने यादीत टाकलेलं असलं पाहिजे. ही यादी आमच्यासारखेच लोक चढवतात. तर "पासवर्ड येत नाही" याची कारणं माझ्या अनुभवात अशी, तुम्ही ॲडमिशनच्या वेळी सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिला होता, किंवा मेल स्पॅममध्ये पडलाय, किंवा तुमची मुदत संपली आणि पुढच्या वर्षाच्या यादीत नाव यायचं राहिलं. आणि एकदा चूक माझी होती, ईमेलमधला एक टिंब माझ्याकडून सुटला, ते पोरगं बिचारं महिनाभर स्वतःलाच दोष देत होतं. म्हणून लाजू नका, लायब्ररीत येऊन यादीत आपलं नाव आणि ईमेल डोळ्याने बघा.

१ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, ३० प्रकाशकांची मिळून सुमारे १३ हजार जर्नल्स, पण ती केंद्र आणि राज्य सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी. घरी बसलेल्या पालकाला थेट मिळत नाही, खाजगी कॉलेजच्या पोरालाही आपोआप नाही. आपलं कॉलेज त्यात आहे का हे लायब्ररीत विचारा, भाचा सरकारी इंजिनिअरिंगला असेल तर त्याला विचारा, पण त्याचा पासवर्ड मागू नका, उगाच त्याचं अकाउंट बंद व्हायचं.

पस्तीस-चाळीस डॉलर मागतंय, भरू का?

नको. आधी हे करा. पेपरचं नाव तसंच्या तसं अवतरण चिन्हात घालून गुगल स्कॉलरवर टाका. रिझल्टच्या उजव्या बाजूला पीडीएफ लिहिलेलं दिसलं तर मिळालाच. नसेल तर खाली "ऑल व्हर्जन्स" वर दाबा, तोच पेपर लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर फुकट ठेवलेला असतो पुष्कळदा. कॉम्प्युटरवर असाल तर अनपेवॉल नावाचं ब्राउझरमध्ये लावायचं एक्स्टेन्शन आहे, पेपरची कायदेशीर फुकट प्रत कुठे असली तर ते हिरवं कुलूप उघडून दाखवतं. जेस्टोर म्हणजे जर्नल्सच्या जुन्या अंकांचा ऑनलाइन साठा, तिथे स्वतःचं फुकट अकाउंट काढलं तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड नाही पण वाचायला काय हरकत, इतिहासवाल्यांना सोन्यासारखं आहे ते. सुरुवातीपासून फुकटच असलेली जर्नल्स पाहिजेत तर डोआज नावाची त्यांची ऑनलाइन यादी बघा, २००३ पासून आहे.

आणि शेवटचा उपाय, लेखकालाच मेल टाका. पोरं घाबरतात, एवढे मोठे प्रोफेसर आपल्याला कशाला देतील म्हणून. देतात. चार ओळी लिहा, मी अमुक कॉलेजचा, अमुक विषयावर काम करतोय, तुमचा हा पेपर मिळेल का, धन्यवाद. आपलं काम खानदेशातलं कुणीतरी वाचतंय याचं त्यांनाच अप्रूप असतं.

घरच्यांची वेगळीच अडचण

एका पोराचे वडील आले होते, केळीवाले, हातात पिशवी, पिशवीत पान. करपा. मुलाने यूट्यूबवर बघून तीन फवारण्या सांगितल्या होत्या, तिन्ही वेगळ्या. आण्णा म्हणे, मॅडम, या पोरगानं कॉम्प्युटर काय सांगी ऱ्हायनं ते तुम्ही पाहा. मुलाने काय केलं होतं, करपा शब्दाचं ट्रान्सलेट केलं, "ब्लाइट" आलं, आणि तेवढंच टाकलं. आता करपा आपण केळीवरही म्हणतो, कांद्यावरही, भातावरही, आणि शास्त्रात ते तिन्ही वेगळे रोग आहेत. केळीच्या करप्याला "सिगाटोका" म्हणतात, फिजी बेटांवरच्या एका खोऱ्याचं नाव आहे ते, या रोगाची मोठी साथ तिथे आली होती म्हणून. हा एक शब्द मिळाला आणि सगळं उघडलं. बुरशीचं जुनं नाव मायकोस्फेरेला, नवीन कागदांत स्युडोसर्कोस्पोरा, दोन्ही टाकायची. कृषी विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेपेक्षा कृषीकोशवर बघा, आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो, तिथल्या पोरांनी आपल्याच मातीवर काम केलेलं असतं. इक्वेडोरच्या केळीवरचा पेपर चोपड्याच्या मे महिन्याला काय कामाचा? औषधाचं प्रमाण मात्र प्रबंधातून उचलून टाकीत ओतू नका, ते पान घेऊन कृषी सहाय्यकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा, तिथे बोलायला आता तुमच्याकडे रोगाचं खरं नाव आहे.

आजाराचं तर आणखी नाजूक. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, पुष्कळ घरांत आहे, तपासणीचं कार्ड हातात आलं की घरातलं शिकलेलं पोरगं रात्री बाराला मोबाईल घेऊन बसतं. पबमेड, म्हणजे अमेरिकन राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा वैद्यकीय संशोधनाचा डेटाबेस, उघडतं, पहिलाच सारांश वाचतं, त्यात मृत्यूचे टक्के असतात, आणि घरभर रडारड. तो अभ्यास आफ्रिकेतला असतो, नाहीतर दवाखान्यात अत्यवस्थ भरती झालेल्यांवरचा, नाहीतर उंदरांवरचा. पबमेड डॉक्टर आणि संशोधकांसाठी आहे. घरच्यांनी सुरुवात मेडलाइनप्लसवरून करावी, तेही त्याच अमेरिकन राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं, फुकट, आणि साध्या इंग्रजीत. तिथे आधी "ट्रेट" आणि "डिसीज" यातला फरक वाचा, म्हणजे वाहक आणि रुग्ण, कार्डावर नेमकं काय लिहिलंय ते बघा, निम्मी भीती तिथेच उतरते. मग पबमेडवर जायचंच असेल तर डाव्या बाजूला "फ्री फुल टेक्स्ट" वर टिक करा आणि जिल्ह्याचं किंवा राज्याचं नाव जोडा. सापडलेलं प्रिंट काढून डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने बदलू नका.

दहावी-बारावीच्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना यातलं काहीच लागत नाही. त्यांनी नॅशनल डिजिटल लायब्ररी बघावी, आयआयटी खरगपूरने बनवलेली, तिथे इयत्ता आणि भाषा निवडता येते, मराठी निवडा. एवढं ध्यानात ठेवा की ती लायब्ररी प्रत्येक वस्तू स्वतःकडे ठेवत नाही, कुठे आहे ते दाखवते आणि तिथे नेऊन सोडते, त्यामुळे मूळ साइट हलली असेल तर पान कोरं दिसतं, मग तेच शीर्षक बाहेर शोधा. आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, फुकट, शाळेच्या प्रोजेक्टला याच्याइतकं चांगलं मराठीत दुसरं नाही. तरी पोरं विकिपीडियाच छापून आणतात, असो.

या वर्षीची नवी साथ

यंदा एक नवीनच. पोरगा संदर्भांची छापलेली यादी घेऊन येतो, बारा संदर्भ, लेखक, वर्ष, जर्नल, पानं, सगळं टापटीप, आणि म्हणतो मॅडम, हे शोधून द्या, मला सापडत नाहीत. मी दोन तास शोधलं. पाच मिळाले. बाकी सात अस्तित्वातच नव्हते. एआयला विचारून आणली होती यादी. त्याने लेखक खरा घेतला, जर्नल खरं घेतलं आणि पेपर मनाने रचला. म्हणजे इथे शून्य रिझल्ट आला तो अगदी बरोबर आला होता!

ओळखायचं कसं, तर संदर्भाला डीओआय नंबर, म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख नंबर, असेल तर तो डीओआयच्या साइटवर टाका, दुसराच पेपर उघडला किंवा काहीच उघडलं नाही तर समजून घ्या. नंबर नसेल तर जर्नलच्या साइटवर जाऊन त्या वर्षाचा तो अंक उघडा आणि त्या पानावर कोण आहे ते बघा. एआयला विचारायचंच तर शब्द विचारा, की बाबा करप्याला शास्त्रात काय म्हणतात, लग्नगाण्यांना इंग्रजीत संशोधक काय काय म्हणतात. ते तो चांगलं सांगतो. संदर्भ मात्र स्वतः डोळ्याने उघडून बघितल्याशिवाय यादीत टाकू नका, व्हायवाला बाहेरचा परीक्षक त्यातलाच एक विचारतो, हे मी दारात उभी राहून ऐकलंय.

ती लग्नगाण्यांवाली पोरगी शेवटी कुठे अडली माहितीये का, एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत तिला एका जुन्या मासिकातला लेख दिसला आणि तो नेटवर कुठेच नव्हता, कुठल्याच स्पेलिंगने. सगळं करून झालं आमचं. असं असतं, सगळंच स्कॅन झालेलं नाही. आपल्याकडे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात गेले आणि लगेच पुढच्या वर्षी ते उभं राहिलं, त्यांच्या संग्रहातले कागद तिथे आहेत, आणि समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. जुन्या गोष्टीसाठी अशा ठिकाणी जाऊनच बघावं लागतं. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र सोबत घ्या, पाहिजे त्या लेखाचं नाव, मासिक, वर्ष कागदावर लिहून न्या, आणि चोपड्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. ती पोरगी जेवून दुपारी निघाली होती.